बसला तो हरला

हॉटेलच्या धोबीखान्यात उभा जन्म इस्त्री फिरवून फेर्मिन निवृत्त झाला, पाठोपाठ बायको गेली, आणि खोलीत सोबतीला एक पंखा तेवढा उरला. तोही कुरकुरायचा. माणसांशी बोलायचं तर सकाळी हवानाच्या मोठ्या बागेतला बेसबॉलवाल्यांचा कोपरा गाठायचा, घसा बसेस्तोवर भांडायचं आणि घरी येऊन मुकाट्याने भात आणि काळा घेवडा खायचा.

कोपऱ्याचा कायदा एकच. वाद उभ्याने घालायचा. बाकावर टेकला तो हरला. फेर्मिन आणि गोदीतला जुना क्रेनवाला निवाल्दो एकाच वादावर वर्षानुवर्षं उभे होते. बंदराच्या बेसबॉल संघाने एकदा हंगामभर रडतखडत खेळून, कसंबसं बाद फेरीत शिरून अजिंक्यपद पटकावलं होतं. फेर्मिनच्या मते ते निव्वळ नशीब. चार सामन्यांत कुणीही कुणाला लोळवतो, खरा संघ हंगामभर दिसतो. निवाल्दो नाकाला नाक भिडवून सांगायचा की हंगाम सगळेच खेळतात, बाद फेरीत ज्यांचे हातपाय कापत नाहीत तोच संघ. गुडघे दोघांचेही गेले होते, पण आधी टेकणार कोण?

मग निवाल्दोला लेकीने अमेरिकेत टॅम्पाला बोलावून घेतलं. निघायच्या दिवशीही तो येऊन भांडला. जाता जाता म्हणाला, "माझ्यामागे हळूच बसून घेशील. लक्ष ठेवायला सांगितलंय मी यांना."

"विमानात तूच बसणार आहेस," फेर्मिन म्हणाला. "म्हणजे हरलास."

सगळे हसले. निवाल्दोही हसला, आणि गेला.

त्यानंतर मंडळी फेर्मिनशी फार चांगलं वागू लागली, तिथेच सगळं बिघडलं. त्याने बंदराच्या संघाचा विषय काढला की अबेलार्दो न्हावी मान डोलवायचा, तुझंच खरं म्हणायचा. म्हातारा एकटा पडलाय, उगाच कशाला दुखवा, असा त्याचा भाव. फेर्मिनला ती दया झोंबायची. कुणी खोडून काढत नाही म्हणजे कुणी ऐकतच नाही, एवढं त्याला कळत होतं. काही दिवस तो बागेत फिरकलाच नाही. घरी पंख्याशी बोलून पाहिलं, त्यात राम नव्हता.

एका सकाळी तो आला तो तावातावानेच. अबेलार्दोसमोर उभा राहून म्हणाला, "नशीब काय म्हणता रे? हंगाम सगळेच खेळतात. बाद फेरीत ज्यांचे हातपाय कापत नाहीत, तोच संघ."

अबेलार्दो गडबडला. "अरे, पण हे तर निवाल्दोचं म्हणणं."

"तो नाही ना इथे. तू उत्तर दे."

न्हाव्याने मग फेर्मिनचीच जुनी हत्यारं बाहेर काढली. फेर्मिनला ती सगळी पाठ होती, आणि त्यांवर निवाल्दो काय म्हणाला असता तेही. निवाल्दोसारखा हात हवेत आपटत तो बोलत राहिला. भोवती गर्दी जमली. कितीतरी दिवसांनी लोक त्याला तोंडावर चूक ठरवत होते, आणि त्याला फार बरं वाटत होतं. शेवटी अबेलार्दो हात झटकून बाकाकडे वळला. पण तो टेकायच्या आत फेर्मिनच सावकाश बाकावर बसला.

"हे काय? जिंकलास की तू," अबेलार्दो म्हणाला.

"मी कुठला? निवाल्दो जिंकला." फेर्मिन गुडघे चोळत होता आणि त्याचे डोळे भरून आले होते. "कळवा त्याला कुणीतरी. म्हणावं, फेर्मिन बसला. आता येऊन बघ."