ओढ्यातला धुण्याचा दगड

चार माणसं पाणी अडवायला बसली की पाणी अडेल न अडेल, किस्से मात्र हमखास साठतात. पनवेलात माझं पंप आणि पाइपचं दुकान. माझं गाव कोन गावाच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी. गावच्या पाणलोट समितीत मीही मेंबर. आमची मागणी एकच, ओढा पूर्वीसारखा चैत्रापर्यंत टिकावा. मी त्यात फुकट पोहायला शिकलो. माझी पोरं फी भरून शिकली.

पहिल्याच मीटिंगला अध्यक्ष नामदेवदादा माझ्याकडे बघून म्हणाले, "पंपवाला शेट पानी जिरवनार! म्हंजे डाक्टरच सांगतो, आजारी परू नका."

*

नकाशासाठी पाणलोटाचं काम करणाऱ्या एका संस्थेची इंजिनीअर ताई आली. तिने देवळासमोर रांगोळी ठेवली आणि म्हणाली, तुमचं गाव तुम्हीच काढा. बायका बसल्या. डोंगर झाला, शेतं झाली, आणि निळ्या रांगोळीचा ओढा थेट खाडीपर्यंत गेला. ताईने मोबाइलवर पाहिलं. हायवेच्या खालच्या अंगाला ओढा नाहीच, बिल्डिंगा आहेत.

सत्तरी ओलांडलेली जनामावशी चिमूट न थांबवता म्हणाली, "त्या मोबाइलला सांग, पावसात येऊन बघ. पार्किंगमधून कोन वाहतो ते."

नकाशाचा फोटो झाला, सगळे घरी गेले. निळी रेघ मात्र कुणी झाडली नाही. वाऱ्यानेच नेली ती.

*

मग ओढ्यावर बांध घालायला श्रमदान. तळोज्याच्या कारखान्यांत शिफ्ट करणारी पोरं रविवारी झोपणार. पण लग्नातल्या हळदीच्या जेवणाला गाव न बोलावता लोटतं, हे ओळखून नामदेवदादांनी मटणाचा टोप चढवला. बांधावर मोजकी माणसं, जेवायला अख्खं गाव!

पुढच्या रविवारी दादांनी टोप ओढ्याच्या पलीकडच्या काठावर नेला आणि पायवाटेवर स्वतः उभे राहिले. "एक दगर, एक ताट. रस्सा पायजे त्याला दोन."

संध्याकाळपर्यंत बांध कमरेएवढा झाला.

*

रश्श्यापायी पोरं इतकी पेटली, की जनामावशीचा धुण्याचा दगडही उचलायला गेली. ऐसपैस, आपटून आपटून गुळगुळीत झालेला. पूर्वी तो पावसाळाभर बुडलेला असायचा. पाणी उतरलं की डोकं वर काढायचा, आणि मग चैत्रापर्यंत मावशीचं धुणं त्यावर. आता कित्येक वर्षं कोरड्या गोट्यांत पडून होता.

मावशी धावत आली आणि त्यावर बसलीच. दादांनी समजावलं, घरी नळ आहे, सुनेने मशीन घेतलंय, दगड कशाला?

"पानी आल्यावर कपरे काय तुज्या टालक्यावर आपटू?"

दगड राहिला.

*

त्या वर्षी पाणी साठलं आणि कळंबोलीचा एक एजंट 'लेक व्ह्यू' म्हणत फोटो काढून गेला. फाल्गुनात गिऱ्हाईक घेऊन आला, तर तळाला भेगा. वरच्या अंगाच्या दोघा शेतकऱ्यांनी वांग्यांना मोटारी लावून पाणी ओढलं होतं. गिऱ्हाइकाने विचारलं, लेक कुठे?

नामदेवदादा म्हणाले, "व्ह्यू हाय ना. लेक वांग्यान गेला."

पण त्यांचाही चेहरा पडला होता. लगेच देवळात बैठक बसली. बांधात कुणीही मोटार टाकायची नाही, असं हात वर करून ठरलं. सगळे हात तसेच ठेवून माझ्याकडे बघत राहिले. शेवटी मीही वर केला. धंदा पनवेलात करू म्हटलं.

*

यंदा बांध थोडा उंच केला, उतारावर पाणी मुरायला चर खणले, गुरं तिकडे सोडली नाहीत. पाडव्यानंतर गावी गेलो, तर जनामावशी ओढ्याच्या काठावर. शेजारी कपड्यांचं गाठोडं. समोर पाणीच पाणी, आणि दगड कुठेच दिसेना. चैत्र लागला तरी वर आलाच नव्हता. बांध उंच करताना हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

मी ओशाळून म्हणालो, "मावशी, जेसीबी सांगतो. दगड काढून वर ठेवू."

ती पाण्यात पाय सोडून बसली होती.

"राव दे त्याला पान्यान," ती म्हणाली. "किती वर्सांचा तानेला हाय."

मग तिने गाठोडं उचललं आणि सुनेच्या मशीनकडे निघाली.