स्वरूपाच्या बारशाची कॅसेट

दिघीत विलासच्या घरी गेलात तर बसायच्या आधी खुर्चीवरचा टेपरेकॉर्डर उचलून कुठंतरी ठेवावा लागतो, आणि ठेवायला बघावं तर तिथंही दुसरा टेपरेकॉर्डर बसलेला असतो. कंपनीतून निवृत्त झालेली माणसं विहारात रमतात, नातवंडांत रमतात, कुणी कट्ट्यावर बसून जगाला अक्कल शिकवतात. हा गडी बिघडलेल्या टेपात रमला. आतला रबरी पट्टा बदलायचा, हेड स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायचं, आणि वर्षानुवर्षं मुकं पडलेलं यंत्र बोलायला लागलं की स्वतःच्याच मांडीवर थाप मारायची. त्याची लेक आम्रपाली म्हणायची, "पप्पा, आपल्या घरात माणसांपेक्षा यंत्रंच जास्त बोलतात." यावर तो खूश व्हायचा. त्याला ते कौतुकच वाटायचं.

अशी टेपवेडी माणसं पिंपरीपासून पार चाकणपर्यंत पसरलेली. कुणी फिटर, कुणी रिक्षावाला, एक दातांचे डॉक्टरसुद्धा. त्यांचा व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप होता आणि रविवारी सकाळी त्यावर विक्री चालायची. विकणाऱ्यानं फोटो टाकायचा. खाली ज्याचा 'घेतलं' हा शब्द आधी उमटला, वस्तू त्याची. नुसता अंगठा दाखवला तर तो धरायचा नाही. 'बायकोला विचारून सांगतो' हेही धरायचं नाही. पहिला मागं सरला तर पुढच्याला मिळावं म्हणून बाकीच्यांनी 'रांगेत' असं लिहून गप बसायचं.

हे सगळं एका दिवसात ठरलं नाही बरं का. सुरुवातीला नुसता गोंधळ. भोसरीच्या एका भाऊनं टेपचा फोटो टाकला तर मागं त्याच्या बायकोची शिलाई मशीन दिसत होती. मोशीच्या एकानं घाईत लिहिलं, 'घेतलं, मशीनसकट', आणि टेम्पो घेऊन दारात हजर! ती माउली मशीनवरच बसून राहिली. "आधी मला उचला, मग मशीन उचला," म्हणाली. तेव्हापासून फोटो काढताना मागं पांढरी चादर धरायची, असं ठरलं.

पण खरी वेळ आली ती निगडीच्या एका माणसामुळं. एका जुन्या टेपसाठी तो रांगेत दुसरा होता. पहिला होता तो रिक्षावाला. निगडीकरानं त्याला गुपचूप फोन लावला. म्हणाला, वडील वारले हो, त्यांच्याकडं अस्साच टेप होता, तो वाजला की ते शेजारी बसल्यासारखं वाटतं. आणि फोनवर रडला. रिक्षावाला विरघळला, त्यानं टेप सोडून दिला. पुढच्याच आठवड्यात तो टेप दुसऱ्या एका ग्रुपवर विकायला आला. आणि वारलेले वडील? ते ग्रुपमधल्याच एकाला सकाळी बागेत फिरताना भेटले. ठणठणीत! तोंडात दातण, पायात नवे बूट!

सगळे हसले. विलास मात्र हसला नाही. "मेलेल्या माणसाच्या नावानं वस्तू मागायची? शोभतं का हे?" म्हणाला, आणि त्यानं ग्रुपवर कायदे लिहिले. वस्तू कशासाठी हवी याचं कारण कुणी सांगायचं नाही. एकदा 'घेतलं' उमटलं की विकणाऱ्याला किंवा घेणाऱ्याला कुणी मागच्या दारानं फोन करायचा नाही. घेणाऱ्यानं माल हातात आल्यावर एकेक नग नीट तपासायचा, मगच 'पोचलं' असं लिहायचं, म्हणजे नंतर तक्रार नको. त्या 'पोचलं'नंतर कुणाला काही बोलायचं असेल तर खुशाल बोलावं. लोक त्यांना 'विलासकाकांचे कायदे' म्हणायला लागले. पाळायचेही, कारण काका स्वतः पाळत.

आता नीलाचं सांगितलं पाहिजे.

नीला म्हणजे विलासची बायको. पिंपरीला चाळीत राहायचे तेव्हा त्यांच्या भिंतीला भिंत लागून ज्योतीरामचं घर होतं. ज्योतीराम लातूरकडचा, त्याच कंपनीत, त्याच शिफ्टला. त्याच्या मुलीचं, स्वरूपाचं, बारसं होतं आणि त्यानं नुकताच नवा टेपरेकॉर्डर आणला होता. आता नवा टेप आणि घरात बारसं म्हटल्यावर माणूस शांत बसेल का? "वहिनी, तुमी पाळणा म्हना. म्या भरून ठिवतो. पोरगी मोठी झाल्यावर ऐकंल."

नीला कधी यंत्रापुढं गायली नव्हती. मांडीवर स्वतःची आम्रपाली, अजून धड चालतही नव्हती ती. नीलानं खाकरून सुरू केलं, आणि तिसऱ्या कडव्याला गाडी अडली. पुढचं आठवेना. पण ती थांबली नाही. चाळीतल्या एकेका पोराचं नाव घेऊन तिथल्या तिथं कडवी जुळवत गेली. कुणाचं नाक गळतं, कोण पायजमा सोडून पळतं, सगळं पाळण्यात! विलास मागं उभा राहून एवढा हसला, एवढा हसला की ज्योतीराम ओरडला, "गप ए! तुझं हसणं भरायलंय त्यात!"

त्यानंतर फार दिवस गेले नाहीत. नीलाला कावीळ झाली, अंगावर काढली, आणि ती गेली. मोबाइलात आवाज धरून ठेवायचे दिवस अजून यायचे होते. फोटो राहिले, लुगडी-चोळ्या राहिल्या. आवाज राहिला तो त्या एका कॅसेटवर, आणि ती होती ज्योतीरामकडं. ज्योतीराम चाळ सोडून चऱ्होलीला गेला तेव्हा सामानात ती कुठं गेली कळेना. विलासनं विचारलं की म्हणायचा, "हाय रे, कुठंतरी हाय. सापडंल." मग ज्योतीरामही गेला. दुःखाच्या घरात जाऊन कॅसेट कुठंय म्हणून विचारणं विलासला जमलं नाही. आज विचारू, उद्या विचारू, असं करत राहूनच गेलं. आम्रपालीनं आईचा आवाज कधी ऐकलाच नाही. ऐकला असेल, पण तो आठवायच्या वयात नव्हे.

आणि एका रविवारी ग्रुपवर फोटो आला. पांढरी चादर, त्यावर खोकं, खोक्यात कॅसेटी. टाकणारा गणराज, ज्योतीरामचा धाकटा, चऱ्होलीला जन्मलेला. त्या बारशाची त्याला गंधवार्ता नाही. त्यानं लिहिलं होतं, 'वडिलांच्या, घरी भरलेल्या. रिकाम्या समजून घ्या. खोकं फोडणार नाही, सगळ्या एकदम.' फोटोत एका कॅसेटच्या कडेला हिरव्या शाईत, ज्योतीरामच्या त्या तिरप्या अक्षरात, 'स्वरूपाचं बारसं'.

विलासनं फोटो मोठा केला. चष्मा पुसला. परत मोठा केला. हिरवी शाई, तिरपं अक्षर, यात शंकाच नाही. आणि 'घेतलं' लिहायला तो खाली आला तर तिथं आधीच उमटलेलं होतं: 'घेतलं.' चाकणचा सनी.

विलासनं लिहिलं, 'रांगेत.'

आम्रपालीनं आतून बघितलं तर बाप फोन हातात धरून भिंतीकडं बघतोय. विचारल्यावर त्यानं सांगितलं, आणि ती तिथंच खाली बसली.

"मग लावा ना फोन गणराजला! भिंतीला भिंत होती आपली!"

"म्हणून तर लावायचा नाही. ओळखीचा फायदा होतो तो."

"मग सनीला लावा. एक कॅसेट तर मागायचीय."

"'पोचलं' येऊ दे. मग मागतो. हक्कानं मागतो."

"पप्पा, कायदा तुमचाच आहे. तुम्हाला कोण विचारणारे?"

"म्हणून तर," विलास म्हणाला. "आणि सांगू काय? बायको वारली, तिचा आवाज आहे त्यात? त्या निगडीवाल्यात आणि माझ्यात मग फरक काय राहिला?"

"फरक एवढाच की तुमची खरंच वारलीय!"

विलासनं फोन टेबलावर पालथा ठेवला. शेवटी आम्रपालीच म्हणाली, "कुठं पळून जातेय कॅसेट. येईल 'पोचलं'."

ते वाट बघायचे दिवस मात्र मोठे मजेत गेले. विलासनं घरातला सगळ्यात चांगला टेप काढला, नवा पट्टा घातला, हेड पुसून पुसून आरशासारखं केलं. आम्रपाली कामावरून आली की पहिलं विचारायची, "आलं का?" आणि मग जेवताना तोच विषय.

"पहिल्यांदा काय ऐकू येईल पप्पा?"

"पाट सरकवल्याचं येईल. मग तुझी आई खाकरेल. मग कुणीतरी बायका हसतील. मध्येच एक पोरगं रडतं त्यात."

"ते मी की स्वरूपा?"

"ते ऐकल्यावर ठरवू. तू रडकीच होतीस."

सनीला काय म्हणायचं हे विलास आंघोळ करताना घोकायचा. कारण सांगायचं नाही, नुसतं म्हणायचं, बाळा, त्यातली एक मला दे, बदल्यात माझ्याकडची कुठलीही ने. वाटलं तर टेप ने.

आणि 'पोचलं' आलं. सोबत फोटो. कॅसेटी ओळीनं मांडलेल्या, कवाईतीला उभ्या केल्यासारख्या. सगळ्यांवर नवी कोरी पांढरी लेबलं. खाली लिहिलेलं: 'पोचलं. एकूण एक तपासली. ए वन माल.'

विलास त्या पांढऱ्या लेबलांकडं बघत राहिला. मग त्यानं फोन लावला.

"काका! शंभर वर्षं आयुष्य," पलीकडून सनी ओरडला. "तुमच्याकडंच निघालोय. चहा टाका."

सनी चाकणला एका कारखान्यात मोटारी दुरुस्त करायचा, विजेच्या. शिफ्ट सुटल्यावर तसाच गाडीवर आला, अंगात कंपनीचा निळा शर्ट, हातात रंगीत कागदात बांधलेलं पुडकं. आल्या आल्या विलासच्या पाया पडला.

"काका, तुम्ही रांगेत होता ना. मला लई वाईट वाटलं राव. तुमच्या आधी माझं बोट पडलं. पण कायद्यानं तेव्हा बोलता येईना. म्हणून म्हटलं, 'पोचलं' लिहायचं आणि तडक जायचं. चांगल्यातल्या चांगल्या काढल्यात तुमच्यासाठी. या माझ्याकडून."

"तपासल्या कशा?" विलासनं विचारलं.

"तुम्ही सांगितलंय तशाच, एकेक. आता रिकामी कॅसेट तपासायची म्हणजे पुसून, भरून, परत वाजवूनच बघावी लागणार ना? मी भंगारातल्या मोटारीच्या तारेचं वेटोळं केलंय, काका. वीज सोडायची, कॅसेट वरनं एकदा फिरवायची, की दोन्ही बाजू साफ! जुना एक आवाज राहत नाही मागं. दाखवीन तुम्हाला."

विलासला खरं तर हे आधीच सुचायला हवं होतं. टेपात आयुष्य घालवलेला माणूस. 'रिकाम्या समजून घ्या' हे त्यानं वाचलंही होतं. पण वाचताना डोळे त्या हिरव्या शाईवर होते.

"त्यात एक बारशाची होती," तो म्हणाला.

"हां! हिरव्या पेनानं लिहिलेली!" सनीचा चेहरा उजळला. "बरोबर ओळखलंत काका, तुमची नजर म्हणजे नजर. सगळ्यात भारी पट्टी तिचीच निघाली. वाजवलेलीच नव्हती फारशी. तीच वरती ठेवलीय तुमच्यासाठी. लावा ना!"

टेप तयारच होता. विलासनं कॅसेट आत घातली, बटण दाबलं. क्षणभर नुसती खरखर. मग सनीचा आवाज, खणखणीत: "हॅलो, हॅलो, चाकणवरून सनी बोलतोय. विलासकाकांना माझा नमस्कार आणि जय भीम."

आम्रपाली चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. विलासनं तिच्याकडं बघितलं, नुसतं बघितलं, आणि ती ट्रे ठेवून आत गेली.

"कसा आलाय काका, आवाज?"

"स्वच्छ आलाय रे," विलास म्हणाला. "फार स्वच्छ आलाय."

सनी भारी खूश झाला. चहाबरोबर बिस्किटं खाल्ली, त्या वेटोळ्याची कृती सांगितली, लग्नाचं बघताहेत म्हणून लाजला. जाताना म्हणाला, "काही लागलं तर हक्कानं सांगा, काका." विलासनं खाली गाडीपर्यंत जाऊन त्याला निरोप दिला.

वर आला तर आम्रपाली टेपजवळ जमिनीवर बसली होती. तिनं कॅसेट पुढं पळवून बघितली होती, उलटून बघितली होती. खरखर, नुसती खरखर. ती रडत नव्हती. तिनं टेप बंद केला आणि विचारलं, "कसा होता आईचा आवाज?"

विलास खाली बसला.

"जाड होता थोडा. म्हणजे जाड नव्हे. खाली उतरताना जाड व्हायचा. आणि र म्हणताना..." तो थांबला. "गाऊनच दाखवतो."

त्यानं खाकरून पाळण्याची पहिली ओळ म्हटली. चाल बरोबर होती, शब्दही बरोबर होते. दुसरी ओळ अर्धी म्हणून तो थांबला.

"हा माझाच आवाज येतोय," तो म्हणाला. "तिचा असा नव्हता."

"मग कसा होता?"

त्यानं डोळे मिटून ऐकायचा प्रयत्न केला. पाट सरकला, बायका हसल्या, पोरगं रडलं, तो स्वतः मागं उभा राहून मोठ्यानं हसला. नीलाचे ओठ हलत होते.

"थांब हं," तो लेकीला म्हणाला. "थांब जरा."