सावरीचा कापूस

बाबा व्हरांड्यात काडतुसं भरत बसले होते. चांदमारीसाठी ते आपल्या जुन्या, मोठ्या नळीच्या रायफलीची काडतुसं घरीच भरतात. पितळी नळकांडं लांबलचक आणि दारू थोडी, म्हणून उरलेल्या पोकळीत सावरीचा कापूस घालतात. त्यानं दारू तळाशी नीट बसून राहते. मात्र कापूस घातला की खालचं काही दिसत नाही.

मध्येच त्यांचा हात थांबला. "यात दारू घातली का गं मी?"

"माझं लक्ष नव्हतं, बाबा."

त्यांनी चिमट्यानं कापूस उपसला. आत काहीच नव्हतं. शेजारचं उपसलं, तेही रिकामंच. त्यांचे कान लाल झाले.

हल्ली एखादं नाव आठवलं नाही की ते विनोद करतात, आणि आम्ही खळखळून हसतो. ती पोकळी ते हशानं भरत होते, हे मला आत्ता कळत होतं.

"आता तूच भर," त्यांनी ट्रे माझ्याकडे सरकवला. "मी सांगतो कसं ते."

लहानपणापासून मी हे काम मागत होते आणि ते "तुझं लक्ष नसतं" म्हणून देत नव्हते. आज ते हातात घेताना मला मान वर करवेना.