खाच असलेली कवळी

आमच्या मजल्यावर दोन बिऱ्हाडं. एक आमचं, आवाजाचं. दुसरं दातवाल्या भाऊजींचं, धुराचं. दोन्ही गॅलऱ्यांच्या मधे कमरेएवढी भिंत, म्हणजे शिंक त्यांनी द्यावी आणि नाक आम्ही पुसावं, इतपतच आडोसा.

भाऊजी कवळ्या बनवायचे. दातांचे डॉक्टर गिऱ्हाइकाच्या तोंडाचा ठसा घेऊन पाठवणार, भाऊजी तळमजल्यावरच्या खोलीत त्यावरून प्लॅस्टरचा जबडा ओतणार, गुलाबी मेणात एकेक दात बसवणार, शिजवणार, घासणार, चकाकवणार. खोलीत फळ्यांवर जबडेच जबडे. मी एकदा म्हटलं, "भाऊजी, एवढी तोंडं आणि एकही बोलत नाही. करमतं कसं तुम्हाला?"

"म्हणूनच करमतं, वहिनी," म्हणाले.

संध्याकाळी हात धुऊन ते वर येत आणि गॅलरीत खुर्ची टाकून बसत. मांडीवर रुमाल पसरायचा, डबीतली तंबाखू चिमटीने सुटी करायची, पाइपमध्ये भरायची. तळाशी अगदी सैल, वर जरा दाबून, त्याच्यावर आणखी जरा. पहिल्या काडीने नुसता वरचा थर भाजून घ्यायचा, बोथट खिळ्याने हलकेच दाबायचा, मग दुसरी काडी. एवढं लाडाकोडाचं प्रकरण मी माझ्या लग्नातही पाहिलं नाही. पेटला की पाइप डावीकडच्या दातांत जाई. तिथे वरचे-खालचे दात वर्षानुवर्षं झिजून बरोबर गोल खाच पडली होती. कुलपात किल्ली बसावी तसा पाइप बसे. मग दोन्ही हात मांडीवर पालथे, आणि माणूस तासभर जगाला नाही. जिन्यातली सगळी मंडळी म्हणत, "इंजिन लागलं वाटतं फलाटाला."

"एवढा धूर काढून मिळतं काय हो?" मी छेडलं एकदा.

त्यांनी पाइप न काढताच हनुवटीने खाली हात दाखवले. "यांना बघा. दिवसभर दुसऱ्यांचे दात घासतात. आता पाइप दातांनी धरलाय, यांना सुट्टी. अख्ख्या दिवसात एवढीच."

त्यांची बायको, आमच्या ताई, आतून ओरडल्या, "आणि मला कधी? पडद्यांना वास, उशांना वास! माहेरी गेले तरी आई विचारते, जावई आले का म्हणून!"

पुढे माझ्या लक्षात आलं की पाइप डावीकडून उजवीकडे गेलाय. मी लगेच बातमी केली, की गाडीने रूळ बदलले. भाऊजी हसले नाहीत. मग ते पाव चहात बुडवून खायला लागले. मग हसताना तोंडावर हात. हिरड्या गेल्या होत्या, दात हलत होते, आणि डॉक्टरांनी सरळच सांगितलं की हाडही झिजलंय, आणि त्यात या पाइपचा हात मोठा आहे. एकेक करून सगळे दात काढले. ज्याने धरून ठेवायचं त्यालाच पाइपने खाल्लं, आता बोला.

ताई मला हळूच म्हणाल्या, "देवच पावला. सुटेल आता."

सुटतंय कसलं. हिरड्या भरल्याबरोबर भाऊजींनी स्वतःसाठी कवळी केली. दुसऱ्यांसाठी आयुष्य घातलेलं, स्वतःसाठी काय हयगय करणार? दातांचा रंगही थोडा पिवळट निवडला, जुन्या ओळखीचा. ती घालून शेजारीपाजारी जाऊन हसून आले. शेंगदाणे खाऊन दाखवले. ताईंनी दृष्ट काढायचीच बाकी ठेवली. संध्याकाळी खुर्ची, रुमाल, डबी, काडी, सगळं रीतसर. पाइप दातांत धरला, जबडा आवळला, आणि वरची कवळी मागून उचलून पुढे घरंगळली. पाइप गेला मांडीवर.

मी अर्थातच हसले. हसायला मी वेळ लावत नाही.

"पुढे वजन आलं की मागे उचलते," ते कवळी पुसत म्हणाले, जणू गिऱ्हाइकाचीच अडचण सांगतायत. "बसवता येईल."

"अहो, हातात धरा की! देवाने दोन दिलेत."

"हातात धरला म्हणजे हातांना कामच झालं की, वहिनी."

तरी ताईंच्या आग्रहाखातर तेही करून पाहिलं. पण यंत्रावर आयुष्य काढलेले ते हात. काम करताना घट्ट, एरवी थरथरते. पाइप डुगडुगला, निखारा सांडला, पायजम्याला भोक आणि मांडीला फोड. ताईंनी जळका पायजमा कठड्यावर वाळत घातला, मुद्दाम सगळ्यांना दिसेल असा.

मग सुरू झाली खाचेची कवळी. पहिली घट्ट केली, तर हिरडी सोलली. दुसरीला डावीकडे जुन्यासारखी गोल खाच पाडली. पाइप बसला छान, पण दोन झुरक्यांत कवळीसकट बाहेर. मग कवळी हिरडीला चिकटवायची लापशी. मग पाइपच्या टोकाला रबर. मग हलका पाइप. प्रत्येक वेळी नवा ठसा, नवा जबडा, नवं मेण. दुपारी खोलीत डोकावावं तर डॉक्टरांची कामं एका बाजूला आणि भाऊजी स्वतःचाच जबडा हातात घेऊन, आत बोट फिरवत बसलेले.

"भाऊजी, त्या फळीवरचे सगळे वाट बघतायत. गिळता येईना बिचाऱ्यांना."

"उद्या," ते म्हणत. "ही एकदा बसू दे."

आणि मग डॉक्टरांच्या गिऱ्हाइकांपैकी एक मुख्याध्यापिका आल्या. निवृत्त बाई, पण जिना चढताना शाळा भरल्यासारखी वाटे. मी दार उघडून उभी राहिले, अशा गोष्टी चुकवू नयेत. बाई बोलू लागल्या आणि प्रत्येक शब्दाला डावीकडून शिट्टी.

"हे काय आहे? हे भोक? घरी आरशात पाहिलं तेव्हा कळलं! नातू म्हणतो, आजी, परत वाजव!"

भाऊजींनी चष्मा वर करून पाहिलं. बाईंच्या कवळीला, शेवटचा हात फिरवायला आलेल्या कवळीला, डावीकडे सुंदर गोल खाच. घासून गुळगुळीत. त्यांची आणि बाईंची, दोन्ही कवळ्या एकाच मेजावर पडलेल्या, आणि हात आपलं काम करून मोकळे.

"मी काय पाइप ओढते?" बाई. शिट्टी.

"नाही," भाऊजी म्हणाले. "पण तुमची बसलीय मात्र घट्ट. जबडा छान आहे तुमचा." आणि इतक्या आशाळभूतपणे बाईंच्या तोंडाकडे पाहू लागले, की बाई दोन पायऱ्या मागे सरल्या.

महिनाभर मी ती गोष्ट शिट्टीसकट सांगत फिरले. डॉक्टरांच्याही कानावर गेली, माझ्याकडून नाही, बाईंकडून. त्यांनी काम दुसरीकडे द्यायला सुरुवात केली. भाऊजी भांडायला म्हणून गेले आणि जाता जाता स्वतःचं तोंडही दाखवून आले. डॉक्टर म्हणाले, "काका, कवळी बसायला खाली हाड लागतं. तुमचं सपाट झालंय. जेवणापुरती तरेल. दाताने काही धरायचं विसरा. आता कोणीही केली तरी."

"मी केली तरी?"

"तुम्ही केली तरी."

खोलीला कुलूप लागलं. जबडे पोत्यांत भरून गेले. आता हातांना दिवसभर सुट्टी, आणि ते हात काही केल्या गप्प बसेनात. जेवताना भाताचे गोळे मळत, कठड्याचा रंग खरवडत, ताईंच्या पाटीतले मटार उगाच एका रांगेत लावत. ज्यांनी पडद्यांच्या वासावरून जन्मभर घर डोक्यावर घेतलं, त्या ताई एकदा मला भिंतीवरून म्हणाल्या, "तुम्ही काहीतरी बोला हो त्यांना. चिडवा. तुमचं ऐकून तरी हसतात."

मी चिडवलं. ते हसलेही, फोटोवाल्याने सांगितल्यावर हसतात तसे. मग खिशातून पाइप काढून म्हणाले, "वहिनी, तुमचे दात खरे आहेत?"

"अगदी माहेरून आणलेले."

"मग धरा जरा."

आता मी असल्या थट्टेला मागे हटणारी नाही. पदर खोचला आणि पाइप दातांत घेतला. त्यांनी तीन-चार काड्या वाया घालवून तो पेटवला. "ओढू नका. नुसता धरा. जबडा आवळू नका, मांजर पिल्लाला धरतं तसा. आता हात सोडा."

सोडले. पाइप राहिला.

ते माझ्या तोंडाकडे बघत नव्हते. मांडीवरच्या माझ्या हातांकडे बघत होते. मला एक चांगलं उत्तर सुचलंही होतं, पण तोंडात पाइप.

"काही करत नाहीयेत," ते म्हणाले. मग पाइपसाठी हात पुढे केला. "बरं. द्या."

पाइप कठड्यावर आपटून त्यांनी अर्धीअधिक तंबाखू तशीच जळती खाली झाडली. असं कधी करत नसत.

"पुन्हा लागला तर सांगा भाऊजी, मी आहेच," मी म्हटलं.

"नाही," ते म्हणाले. "दुसऱ्याच्या तोंडात जन्म गेला. पुरे."

खुर्ची उचलून ते आत गेले. ताईंनी लगेच पडदे धुवायला काढले, आणि बादलीत घालायच्या आधी बराच वेळ नाकाशी धरून उभ्या राहिल्या.