आंबेनळीतली मोजणीची काठी

१९३१ साल, मी बावीस वर्षांचा. काथ्याच्या दोराचा वास आला की अजून माझा हात कमरेकडे जातो. आंबेनळी घाटात मुंबईच्या इंजिनेर कंपनीची मोजणी चालली होती आणि मी कड्याच्या टोकाला मोजणीची काठी धरून उभा होतो. दरीच्या पलीकडून दुर्बिणीत बघणाऱ्या साहेबाचं निशाण खाली येईस्तोवर हलायचं नाय, असा त्यांचा कायदा. "हललास तर तुझ्या गावाला, कुडपणला परत जा नांगर धरायला," मुकादम म्हणाला. तेवढ्यात धुकं आलं. निशाण दिसेना, दरी दिसेना. टाचेखालचा दगड सुटला, पण तो पडल्याचा आवाजच आला नाय. मी काठी सोडली नाय. धुकं उठलं तेव्हा पलीकडे कुणीच नव्हतं. मुकादम जेवून दात काढत आला, "अरे, तू अजून हितंच हायस?" दुसऱ्या दिवशी सकाळी मी काथ्याच्या दोराचं एक टोक माझ्या कमरेला बांधलं, दुसरं मुकादमाच्या, आणि मगच काठी उचलली.