भाच्याची खोली

दादा आपली मोटारसायकल कधीच सरळ लावत नसत. मारुंजीतल्या आमच्या ऑफिसखाली बाकीचे घाईघाईत गाड्या घुसवून वर पळत. दादा मात्र कितीही उशीर झाला असला तरी गाडी वळवून, तिचं तोंड गेटकडे करून, मगच जिना चढत. "आत घुसायला अक्कल लागत न्हाई," ते म्हणत, "भाईर पडायला लागती." त्यावरून ऑफिसात त्यांचं नाव रिव्हर्सदादा पडलं होतं. त्यांना ते ठाऊक होतं आणि बहुधा आवडतही होतं.

दादा धरणाकाठच्या मुळशीचे, घरची भातशेती. आमची कंपनी रिसॉर्टच्या खोल्या बुक करायचं ॲप बनवत असे. त्यातले नवे बदल गिऱ्हाइकांच्या हाती कधी आणि कसे सोडायचे, म्हणजे रिलीज, हे दादा ठरवत. मी तालुक्याच्या गावातून आलेली, घरातली पहिली पदवीधर. 'चुकेल' असं म्हणणाऱ्याला मास्तर मागच्या बाकावर बसवतात, एवढं मी शाळेत शिकले होते. इथे सगळं उलटं निघालं.

रिलीजच्या आधीच्या बैठकीला दादा 'रडणं' म्हणत. "चला, रडून घ्या. समजा, समदं बोंबललंय. कशामुळं?" प्रत्येकाने निदान एक संकट सांगायचं. जो काही अडचण नाही म्हणेल, त्याला चहा नाही. पहिल्या बैठकीला मी उत्साहाने म्हणाले, "सगळं व्यवस्थित होईल, सर." सगळ्यांचे चहा आले, माझा आला नाही. पुढच्या वेळी मी इतकी संकटं सांगितली की दादा खूश झाले. "लई झकास रडली. हिला बिस्कीट पन द्या." रडून झालं की ते एकेका संकटावर एकेक माणूस नेमत आणि विचारत, "ह्यातनं मागं कसं यायचं?" ज्याला उत्तर नसे, तो बदल त्या रिलीजमधून बाहेर.

सगळं एकदम सोडायलाही त्यांचा विरोध असे. "भाताची लावणी झाली तरी खाचराच्या कडंला थोडं रोप मागं ठिवत्यात. कुटं मेलं तर तितं लावायला." म्हणून नवा बदल आधी एकाच रिसॉर्टला द्यायचा, तिथे टिकला तर बाकीच्यांना. ते एक रिसॉर्ट कायम मुळशीतल्या त्यांच्या मामांचं असे. मामांचा फोन आला की दादा तो स्पीकरवर टाकत आणि आम्ही सगळे कान टवकारत असू.

"भाच्या, समद्या तालुक्यात तुला माजंच खाचर दिसतं व्हय रं?"

"मामा, दुसऱ्याचं बुडवलं तर शिव्या देत्याल."

"आन् मी काय आरती करतोय?"

मला नोकरीत कायम करायचं की नाही, हे माझ्या हातच्या पहिल्या रिलीजवर ठरणार होतं. वडिलांनी तर आधीच गावात पेढे वाटले होते. त्यांच्याकडे रिव्हर्स नव्हताच. बदल होता ॲपमधूनच पैसे भरण्याचा. सलग सुट्ट्या आल्या होत्या आणि कंपनीचे मालक म्हणत होते, सगळ्या रिसॉर्टना एकदम देऊन टाका.

"रिलीज वैशालीचं हाय," दादा शांतपणे म्हणाले. "तिला इचारा."

मालकांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "आधी मामा." "बघा मग," म्हणत मालक उठून गेले.

शनिवारी सकाळी मामांचा फोन आला. पुण्याहून आलेली दोन कुटुंबं एकाच खोलीसमोर उभी होती. दोघांनी एकाच क्षणी पैसे भरले होते आणि ॲपने दोघांनाही तीच खोली दिली होती. "एक आजीबाई दारात खुर्ची टाकून बसल्यात," मामा म्हणाले. "उठत न्हाईत." मला गावाकडची एसटी दिसायला लागली.

"मामा, भाच्याची खोली?" दादांनी विचारलं.

"हाय की. झाडून ठिवलीय. आजीला तितं न्यावं का?"

"आजीला हलवू नगा. दुसऱ्यास्नी न्या."

तेव्हा मला कळलं की आमचं रिलीज असलं की मामा एक खोली कुणालाच देत नसत. तिला ते भाच्याची खोली म्हणत. आम्ही तो बदल लगेच मागे घेतला. बाकीच्या रिसॉर्टना काही कळलंसुद्धा नाही. सोमवारी मालकांनी दादांना विचारलं, "पोरीचं पहिलंच रिलीज, आणि मागे घ्यावं लागलं?"

"घेता आलं," दादा म्हणाले. "तेवढं बघा."

त्यांनी तेवढं बघितलं. मी कायम झाले. वडिलांचे पेढे वाया गेले नाहीत.

पुढे मामांचे गुडघे गेले आणि रिसॉर्ट सांभाळायला दादांनी नोकरी सोडली. निरोपाचा केक आणायला निघालेल्याला ते म्हणाले, "दोन बारके आण. एक पडला तर एक ऱ्हातो." एक खरंच जिन्यात पडला. दादांचा चेहरा इतका समाधानी मी कधी पाहिला नव्हता. खाली त्यांची गाडी नेहमीसारखी गेटकडे तोंड करून उभी होती. तिला वळवायला तरी थोडा वेळ लागावा, असं मला त्या दिवशी वाटलं. ते बसले आणि सरळ निघून गेले.

आता रिलीज माझ्याकडे आहे. बैठकीत मी सगळ्यांना रडवते आणि हसणाऱ्याचा चहा बंद करते. दादांच्या जागेवरून पहिला बदल सोडायच्या आधी मी मुळशीला फोन लावला.

"दादा, गुरुवारी तुमच्याकडे एक बदल सोडतेय."

पलीकडून आवाज आला, "समद्या तालुक्यात तुला माजंच खाचर दिसतं व्हय गं?"

"दुसऱ्याचं बुडवलं तर शिव्या देतील."

मागे मामा मोठ्यानं हसल्याचं ऐकू आलं.

"बरं," दादा म्हणाले. "खोली झाडून ठिवतो."