काजामागचं चुंबक

माझा मामा तोंडात टाचण्या धरून बोलतो. तो शिंपी आहे, पण नवे कपडे शिवून घेणारं गिऱ्हाईक आता येत नाही, म्हणून तो दुरुस्तीचीच कामं घेतो. पँटची उंची कमी कर, झिप बदल, बारीक झालेल्याचा कोट आत घे, जाड झालेल्याचा बाहेर सोड. गिऱ्हाईक आरशासमोर उभं असतं आणि मामा त्याच्या पायाशी उकिडवा, ओठांत टाचण्यांची रांग. ओठ मिटायची सोय नसल्यामुळे त्याच्या दुकानातल्या भाषेत प, फ, ब, म ही अक्षरं नाहीत. 'पाय पुढे घ्या' याचं 'हाय हुढे घ्या' होतं. नव्या माणसाला वाटतं, हा कुठल्या देशाचा. पण पाय मात्र सगळे पुढे घेतात.

रफू करावं तर मामानंच. जळलेलं, फाटलेलं, उंदरानं कुरतडलेलं काहीही आणा. तो कपडा परत देतो आणि म्हणतो, "शोधा." गिऱ्हाईक उजेडात धरतं, उलटं करतं, डोळे बारीक करतं. सापडत नाही. मामा तेव्हा जो चेहरा करतो तो फक्त त्याच वेळी दिसतो. एरवी तो हाताखालच्या कापडासारखाच, कुठेही न चमकणारा.

त्याला एकच मुलगी. सोळा वर्षांची. जन्मापासून तिचे हातपाय तिचं ऐकत नाहीत. बोटं मुठीत वळलेली, पाय कात्रीसारखे एकमेकांत अडकणारे. चाकाच्या खुर्चीत बसते. शब्दही सावकाश येतात, एकेक, मध्ये बरीच मोकळी जागा सोडून. पण आलेला शब्द असा नेमका वर्मी बसतो की घरात तिला सगळे बॅरिस्टर म्हणतात. अनोळखी माणसं ती मोकळी जागा सहन न होऊन तिची वाक्यं पुरी करतात, आणि हमखास चुकीची. ती थांबते, त्यांना पुरं करू देते, आणि मग आपलं वाक्य पहिल्यापासून सुरू करते.

शाळेच्या शर्टाला मामानं आधी वेलक्रो लावला होता. तो उघडताना चर्रर्र वाजायचा आणि अख्खा वर्ग चर्रर्र करायचा. मग मामानं चपटी, नखाएवढी चुंबकं आणली आणि पट्टीच्या आत अस्तरात शिवून टाकली. वरून खरी बटणं, खरी काजं, पण काजं दोऱ्यानं बंद. बॅरिस्टर हनुवटीपासून पोटापर्यंत नुसती मूठ फिरवते आणि शर्ट आवाज न करता बंद होतो. बुटांच्या नाड्या खोट्या, आतून इलॅस्टिक. चमच्याच्या दांड्याला कापडी मूठ, तीसुद्धा नॅपकिन गुंडाळल्यासारखी दिसणारी. शाळेत कोणाला पत्ता नाही. एका बाईंनी एकदा मामीला विचारलं, "बटणं तीच लावते का हो?" ते ऐकून मामा दिवसभर दुकानात शीळ घालत होता. टाचण्या तोंडात असतानाही.

घोडं अडलं ते दुसऱ्याच ठिकाणी. शाळेत एक आया होती, ती बॅरिस्टरला बाथरूमला न्यायची, वरच्या वर्गात चढवायची. ती निवृत्त झाली आणि तिच्या जागी कोणी आलं नाही. मुख्याध्यापिकांनी मामाला बोलावलं. त्यांचं प्रत्येक वाक्य एकाच दारातून बाहेर पडतं.

"आमचं काही म्हणणं नाही, पण पुढच्या वर्षापासून तिच्यासोबत एक बाई लागेल. दिवसभर. आमचं काही म्हणणं नाही, पण बाई नसेल तर तिला वर्गात घेता येणार नाही."

"मी बसलो तर? व्हरांड्यात?" मामा म्हणाला.

"आमचं काही म्हणणं नाही, पण मुलींच्या बाथरूमात तुम्ही कसे जाणार?"

मामी इस्पितळाच्या धुलाईखान्यात इस्त्रीखाली चादरी दाबते. घर तिच्या पगारावर चालतं. मामाच्या कमाईवर दुकान चालतं, तेही ढकललं तर. मामीनं नोकरी सोडायची म्हणजे सगळ्यांनीच उपाशी राहायचं. खालच्या मजल्यावरची एक विधवा बाई यायला तयार होती, पण फुकट कशी येईल? तिचा पगार देता आला तर शाळा, नाहीतर घर. एवढं साधं गणित होतं.

म्हणून मामानं दुकानाला कुलूप लावलं आणि सरकार अशा मुलांना काय काय देतं ते शोधायला निघाला. मी तिच्याच वर्गात; शाळा सुटली की मी पण जायचे, कारण बॅरिस्टरसोबत कोणीतरी मुलगी लागायचीच.

चौकशीच्या खिडकीत एक गृहस्थ होते. ते समोरच्याकडे न बघता आपल्या पेनाच्या टोपणाशी बोलायचे.

"माझ्या मुलीला काय मिळू शकतं, ते विचारायचं होतं," मामा म्हणाला.

"काय हवंय?"

"काय आहे?"

"तुम्हाला काय हवं ते सांगा. मग आहे का ते सांगतो."

"पण काय आहे ते कळलं तर मागता येईल ना साहेब."

"सगळंच कसं सांगत बसू? मागे रांग बघा. आणि तुम्हाला कोणी सांगितलं इथे विचारायला?"

"पाटीवर चौकशी लिहिलंय."

"ती जुनी पाटी आहे."

बाहेर आल्यावर बॅरिस्टर म्हणाली, "मेनू कार्ड... लपवून ठेवलंय... आणि वेटर म्हणतो... ऑर्डर द्या."

मग आम्ही अंदाजानं ऑर्डरी देत सुटलो. बसचा मोफत पास आहे का? आहे. तो मिळाला. बसची पायरी मामाच्या गुडघ्याएवढी, खुर्ची चढत नाही, तरी पास मिळाला. त्यावरचा फोटो मात्र छान आलाय. फीमध्ये सवलत? आहे, पण शाळेला फीच नाही. नवी खुर्ची? आहे, पण आधीची जमा करा. आधीची तिला लहानपणी मिळालेली, ती केव्हाच दुसऱ्या एका लेकराला देऊन टाकलेली. "मग त्या लेकराकडून आणा," असं दुसऱ्या खिडकीतल्या ताई म्हणाल्या. त्या बोलताना प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'ना' लावतात आणि आवाज वर नेतात, जणू आपणच त्यांना काहीतरी समजावून द्यायचं राहून गेलंय. "असं परस्पर देता येत नाही ना? नियमात बसत नाही ना?"

जे हवं होतं त्याचं नाव कचेरीत कोणी घेतलं नाही. ते सांगितलं दाराबाहेर झेरॉक्सचं मशीन घेऊन बसणाऱ्या बाईनं, कागद सरळ करता करता. "मदतनीस भत्ता मागितला का? सोबतीला माणूस ठेवायला देतात. त्याला वेगळी तपासणी असते." मामा तिला नमस्कार करायला गेला आणि खिशातली मापाची पट्टी खाली पडून रस्ताभर उलगडली.

तपासणीला मामीला रजा मिळाली नाही. मामा, बॅरिस्टर आणि मी गेलो. खोली गार, भिंतीवर डोळे तपासायचा तक्ता, जो कोणी वापरत नव्हतं. तपासणारे डॉक्टर तरुण होते आणि वाईट म्हणजे चांगले होते. चिडचिडे असते तर काहीतरी भांडता आलं असतं. ते हसून विचारायचे आणि टाइप करताना "ठीऽऽक आहे" असं लांबवायचे.

"जेवतेस स्वतः?"

"हो."

"ठीऽऽक आहे. कपडे? बटणं लावता येतात?"

बॅरिस्टरनं मूठ खालून वर नेली, शर्ट उघडला. वरून खाली नेली, बंद. दोन्ही वेळा इतकं सफाईनं की डॉक्टरांनी भुवया उंचावल्या. मी मामाकडे पाहिलं. तो 'शोधा' म्हणतानाचा चेहरा करून बसला होता.

"वा. ठीऽऽक आहे. आणि बाथरूमला जायचं झालं तर?"

बॅरिस्टर थांबली. तिचं नेहमीचं थांबणं असतं त्याहून जास्त. समोर परका पुरुष, शेजारी बाप. बाप जमिनीकडे बघत होता.

"जमतं," ती म्हणाली.

तिच्या तोंडून एका झटक्यात आलेला तेवढा एकच शब्द.

उत्तर आलं: मदतीची गरज किरकोळ, भत्ता नामंजूर. मामीनं ते वाचलं आणि घडी करून साखरेच्या डब्याखाली ठेवलं. मग ती चादरी दाबणाऱ्या हातांनी टेबल पुसत राहिली, टेबल स्वच्छ असताना.

"कोणाला सांगितलं का, की आत चुंबक आहे?"

"विचारलं नाही त्यांनी," मामा म्हणाला.

"अहो, ते कसं विचारतील? दिसायला नको म्हणून तर तुम्ही रात्र-रात्र जागलात. एवढं नीट शिवून ठेवलंत पोरीला की तिला काही झालंय हेच कोणाला दिसेना."

मामानं टाचण्यांची डबी ओढली आणि एक टाचणी ओठांत धरली. समोर शिवायला काही नव्हतं, तरी.

फेरतपासणी मागता येते असं कळलं. ते अर्थातच झेरॉक्सवाल्या बाईकडून. मामानं एक शर्ट उसवला आणि खिडकीतल्या ताईंना चुंबकं काढून दाखवली. जन्मात पहिल्यांदा तो आपलं काम कोणाला तरी उलट्या बाजूनं दाखवत होता. ताईंनी एक चुंबक उचलून टेबलाच्या पायाला चिकटवून पाहिलं.

"छान आहे ना? म्हणजे उपाय उपलब्ध आहे ना? उपाय उपलब्ध असेल तर गरज धरत नाहीत ना?"

मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "सगळे साधे कपडे घालून आणतात हो पोरांना. जमत नाही ते दिसू दे की." वाक्याला 'ना' लावलं नाही, म्हणजे त्या मनापासून बोलत होत्या.

मामीनं बाजारातून तयार शर्ट आणला. खरी बटणं, उघडी काजं. घट्ट, नवीन. मला वाटलं, बॅरिस्टर घालणार नाही. ती म्हणाली, "घालते ना... नाटक करायचं... तर कपडेपट नको?" आणि मामी तो चढवत असताना तिनं आपणच दोन-तीन भुवया, एक करुण ओठ असा सराव करून दाखवला. आम्ही दोघी हसून हसून लोळलो. मामाला मामीनं बजावलं, "तिथे तोंड उघडायचं नाही. टाचण्या धरा वाटलं तर."

यावेळी मामीनंही रजा काढली होती, आणि समोर तिघं होते. मधल्या वयस्क बाई मान हलवत बोलायच्या, जणू प्रत्येक गोष्ट त्यांना आधीच पटलेली आहे. "बाळा, वरचं एक बटण लावून दाखवशील? सावकाश. घाई नाही."

बॅरिस्टरनं मूठ वर नेली. बटण निसटलं. पुन्हा नेली. अंगठा वळून आत गेला होता, तो बाहेर येईना. तिनं मनगटानं बटण दाबून धरायचा प्रयत्न केला, तेही निसटलं. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं. मामी ओठ आवळून बघत होती. आता बॅरिस्टरनं हात खाली टाकायचा, बस्स, एवढंच बाकी होतं.

तिनं टाकला नाही. मला ते तिच्या मानेवरून कळलं, शिरा उभ्या राहिल्या होत्या. नाटक केव्हाच संपलं होतं आणि तिचं आणि बटणाचं खरंच जुंपलं होतं. तिच्या नाकावर घाम आला. डावीकडचे गृहस्थ खिडकीबाहेर बघायला लागले. मधल्या बाई म्हणाल्या, "राहू दे बाळा," आणि तिनं ऐकलं नाही. तिनं काजाची कड दातात पकडली, मान वाकडी केली, आणि वळलेल्या बोटांच्या सांध्यानं बटण ढकललं. ते अर्धं आत गेलं, थांबलं, आणि मग गेलं.



"शाब्बास," मामा म्हणाला.

मोठ्यानं नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. त्याचे डोळे भरले होते. सोळा वर्षांत त्यानं तिच्या अंगावर लावावं लागणारं एकही बटण येऊ दिलं नव्हतं, आणि आज तिनं ते लावलेलं त्यानं पाहिलं होतं. तो पुन्हा म्हणाला, "शाब्बास माझ्या राजा."

मधल्या बाईंनी मान हलवली. "बघा, जिद्द आहे पोरीत. जमतं तिला. उगाच परावलंबी करू नका."

मामीनं बाथरूमचं सांगितलं, जिन्याचं सांगितलं, आयाचं सांगितलं, सगळं भराभर. त्यांनी ते लिहून घेतलं. लिहून घेताना मान हलतच होती.

परतताना मामीनं खुर्ची ढकलली. मामा मागून चालत होता, एखाद्या अनोळखी माणसासारखं अंतर ठेवून. चौकात बॅरिस्टर म्हणाली, "बाबा." तो पुढे आला. "बाबा... मी..." मामानं तिचं वाक्य पुरं केलं नाही. पण तीच पुढे काही बोलली नाही.

दुसरं उत्तर पहिल्यासारखंच आलं. फक्त 'किरकोळ'च्या जागी 'अत्यल्प' होतं.

शाळा सुरू झाली. पहिल्या दिवशी हजेरीत तिचं नाव घेतलं गेलं, नंतर गाळलं. मी संध्याकाळी तिला वर्गात कोण कसं बोललं ते करून दाखवते. नव्या गणिताच्या बाई शिंकल्यावर स्वतःलाच 'सॉरी' म्हणतात, ते तिला आवडतं. धडे ती वाचते, मग वह्या बंद करते. तपासायला कोणी नाही.

मामी सकाळी तिला सगळं उरकून देऊन जाते आणि संध्याकाळी येते. मधल्या वेळात मामा दुकानातून वर येतो, खिडकी उघडतो, खुर्ची उन्हातून बाजूला करतो, चमच्यानं दोन घास देतो. बाथरूमचं तेवढं तो करू शकत नाही. ती करूच देत नाही. मामी येईपर्यंत थांबते.

दुपारी तो पेला भरून तिच्यासमोर धरतो.

"पाणी?"

"तहान नाही."

"थोडं तरी. सकाळपासून काही प्यायली नाहीस."

"नाहीये... तहान."

तो थोडा वेळ पेला धरून उभा राहतो. मग खालून कोणीतरी शिंपीदादा म्हणून हाक मारतं. ते पाणी तो स्वतःच पितो आणि जिना उतरतो.